पाहुण्याचं इंग्रजी

मराठी माणसाच्या लेखी हॉटेल म्हणजे मिसळ खायची जागा. राहायचं ते लॉजवर, धर्मशाळेत, भक्तनिवासात, नाहीतर सरळ मावशीकडे. त्यामुळे सत्तरी उलटली तरी हॉटेलात मुक्काम करायचे माझे प्रसंग एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. आणि तरीही आज लिहिणार आहे ते हॉटेलात राहायला लागणाऱ्या इंग्रजीबद्दल. तेही आपल्याला लागणाऱ्या नव्हे, स्पॅनिश बोलणाऱ्यांना लागणाऱ्या! तुम्ही म्हणाल, बाईंना काही उद्योग उरलेला नाही. खरंच आहे, निवृत्त माणसाला कसला आलाय उद्योग?

झालं असं, की २०२५ च्या जानेवारीत मी लेकीकडे डॅलसला गेले, ती सहा महिने राहिले. लेक-जावई कामावर, नात शाळेत. दिवस खायला उठायचा. लेकीने जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयात चालणाऱ्या इंग्रजी संभाषणाच्या मोफत वर्गात माझं नाव घातलं. मी म्हटलं, "अगं, अठ्ठावीस वर्षं पाचवी ते दहावीला इंग्रजी शिकवलंय मी!" तर म्हणते, "शिकवलंयस गं आई, बोलली कुठे आहेस?"

यावर उत्तर नव्हतं. गेले मुकाट्याने.

वर्गात आम्ही चौदा-पंधरा जण. त्यांतले अकरा-बारा स्पॅनिश बोलणारे. कुणी मेक्सिकोचे, कुणी होंडुरासचे, दोघी व्हेनेझुएलाच्या. अमेरिकेत घरात स्पॅनिश बोलणारी माणसं चार कोटींहून जास्त आहेत, हे मला तिथे गेल्यावर कळलं. टेक्सास तर १८३६ पर्यंत मेक्सिकोतच होतं. तेव्हा तिथे बाहेरून आलेली भाषा नेमकी कोणती, असा प्रश्न माझ्या मनात आला होता. पण पाहुणी म्हणून गेलेल्या बाईने असले प्रश्न विचारू नयेत, म्हणून गप्प बसले.

माझ्या शेजारी बसायची ती मेक्सिकोची एक बाई. वय सहासष्ट. मी तिला 'सेन्योरा' म्हणायची, म्हणजे आपलं 'बाई'च. ती मला 'माएस्त्रा' म्हणायची, म्हणजे मास्तरीण. दोघींचं बोलणं मोडक्या इंग्रजीत. तिने डॅलसमधल्या हॉटेलांत खोल्या साफ करण्याचं काम बावीस वर्षं केलं होतं. वर्गात ती आली होती एका खास कारणासाठी. मे महिन्यात शिकागोला तिच्या नातीचा पदवीदान समारंभ होता. नात हॉस्टेलवर राहणारी, तिने आजीसाठी आणि आजीच्या बहिणीसाठी हॉटेलात दोन रात्रींची खोली घेऊन ठेवली होती. बहिणीला इंग्रजीचा गंधही नाही. म्हणजे सगळी मदार सेन्योरावर.

मी सहज म्हटलं, "तुला काय अवघड आहे? बावीस वर्षं हॉटेलात काढलीस!"

ती म्हणाली, "माएस्त्रा, पुढच्या दाराने एकदाही नाही गेले."

हे वाक्य मी घरी घेऊन आले आणि रात्रभर घोळवत बसले. बावीस वर्षं इंग्रजीत काम केलेल्या बाईला इंग्रजी येत नाही, हे कसं? पण येत होतं की! दारावर टकटक करून "हाऊसकीपिंग" म्हणायला येत होतं. "सॉरी" येत होतं, "नो प्रॉब्लेम" येत होतं, "आय कम लेटर" येत होतं. मुकादमही स्पॅनिश बोलणारा, बरोबरच्या बायकाही, घराजवळची दुकानंही. इंग्रजी तिच्या वाट्याला आलं ते एवढंच, माफी मागण्याचं आणि बाजूला होण्याचं. पाहुण्याचं इंग्रजी म्हणजे मागण्याचं, नाकारण्याचं, "हे मी सांगितलं नव्हतं" म्हणण्याचं. त्यातला एक शब्द तिच्या तोंडात बसलेला नव्हता.

आणि वर्गातल्या पुस्तकात काय होतं? एक गृहस्थ काउंटरवर येतात. मला दोन रात्रींसाठी खोली हवी, म्हणतात. काउंटरवरची मुलगी आनंदाने किल्ली देते. धडा संपला. माझं स्पष्ट मत आहे, की असले संवाद पाठ करून घेणं म्हणजे पोहायला शिकवताना फक्त उडी मारायला शिकवणं. उडी कुणीही मारेल हो, पुढे काय? आपण घोकलेलं वाक्य फेकतो, आणि समोरून जे उत्तर येतं ते पुस्तकात नसतं. तिकडची मुलगी कीबोर्ड बडवत एका दमात विचारते, ओळखपत्र, कार्ड, गाडी आहे का, वरचा मजला चालेल का, आणि शेवटी "यू ऑल सेट?" या तीन शब्दांचा अर्थ मलाच पंधरा दिवसांनी लागला, मग बाकीच्यांचं काय!

म्हणून मी म्हणते, हॉटेलात जाणाऱ्या स्पॅनिश माणसाला आधी बोलायला नव्हे, ऐकायला शिकवा. आणि ऐकू न आल्यास थांबवायला शिकवा. "प्लीज, स्लोली", "प्लीज राइट इट", एवढी दोन वाक्यं पहिल्या दिवशी. बाकी सगळं नंतर.

आकडेच घ्या. स्पॅनिशमध्ये पंधरा म्हणजे 'किन्से' आणि पन्नास म्हणजे 'सिन्क्वेन्ता'. कानाचा गोंधळ व्हायचं कारणच नाही. इंग्रजीत मात्र 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी'. खोली ४१५ की ४५०? त्यातून तिकडे ३०४ ला 'थ्री ओ फोर' म्हणतात. शाळेत झिरो शिकलेल्या माणसाला हा 'ओ' म्हणजे अक्षर वाटतं. पुष्कळ हॉटेलांत खोलीचा नंबर मोठ्याने सांगतच नाहीत, किल्लीच्या पाकिटावर लिहून देतात. कारण सुरक्षेचं, पण सोय परभाषिकांची. जिथे लिहून देत नाहीत तिथे मागून घ्यावं, लाजू नये.

मजल्यांचंही तसंच. स्पेन-मेक्सिकोत तळमजला म्हणजे 'प्लांता बाहा' आणि त्याच्या वरचा पहिला, आपल्यासारखंच. अमेरिकेत तळमजलाच पहिला. लिफ्टमध्ये एका बटणाशेजारी चांदणी असते, ती बाहेर पडायच्या मजल्याची खूण. ही चांदणी मला सेन्योराने शिकवली. हॉटेल आतून तिला पाठ होतं ना!

नावाची भानगड तर विचारू नका. स्पॅनिश माणसाला आडनावं दोन, आधी वडिलांचं, मग आईचं. रोजच्या व्यवहारात चालतं ते पहिलं. काउंटरवरची मुलगी शोधते ते शेवटचं, आणि म्हणते तुमच्या नावाची खोली नाही. मग स्पेलिंग सांगायची पाळी येते, आणि तिथे खरी मजा. इंग्रजीत पहिल्या अक्षराला म्हणतात 'ए', पण स्पॅनिश कानाला 'ए' म्हणजे पाचवं अक्षर. इंग्रजीतल्या पाचव्याचा उच्चार 'ई', तर स्पॅनिशमध्ये 'ई' म्हणजे नववं. सेन्योराने फोनवर आपलं आडनाव सांगितलं तर कागदावर उतरेल ते दुसऱ्याच कुणाचं तरी. यावर उपाय भाषेचा नाहीच. पासपोर्ट पुढे सरकवावा. दोन्ही आडनावं कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून पर्समध्ये ठेवावीत. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा शिकवणारे गृहस्थ जरा हिरमुसले. (मोठा सज्जन माणूस, निवृत्तीनंतर फुकट शिकवणारा. पण पुस्तकावर फार श्रद्धा.)

दुसरी गोष्ट सभ्यतेची, आणि इथे मला पूर्वी कधी न सुचलेलं काही कळलं. स्पॅनिशमध्येही 'तू' आहे, आणि त्याला 'तू'च म्हणतात! आदराने बोलायचं तर 'उस्तेद'. आपण "किल्ली द्या" म्हणतो तेव्हा त्या 'द्या'तच मान असतो, वेगळं 'कृपया' लागत नाही. त्यांचंही तसंच, "देमे ला यावे" म्हटलं की क्रियापदाच्या रूपातच मान आला. पण हेच शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत नेलं की उरतं "गिव्ह मी द की". मान वाटेत सांडला! समोरच्या मुलीला वाटतं, म्हातारी उर्मट आहे. म्हातारी बिचारी आपल्या परीने पदर सावरून बोलत असते.

पुढची गंमत ऐका. आपण दुकानात म्हणतो, "मला एक साडी हवी होती." होती कशाला? आत्ताच तर हवी आहे! पण भूतकाळ घातला की मागणं मऊ होतं. सेन्योराला हे समजावून सांगत होते, तर ती टाळी वाजवून म्हणाली, आमच्यातही असंच! "केरिया उना आबितासिओन", म्हणजे मला एक खोली हवी होती. जगाच्या दोन टोकांच्या बायकांना मागताना एकच युक्ती सुचावी, याचं मला फार अप्रूप वाटलं. इंग्रजीत ते काम 'वुड लाइक' आणि 'कुड आय' करतात. तेव्हा पहिलं वाक्य 'आय वाँट' असं शिकवणाऱ्या पुस्तकांवर माझा राग आहे. सभ्यता त्या माणसाकडे आधीचीच असते, ती ठेवायची जागा तेवढी दाखवायची असते.

आता फसवे शब्द. 'सोपा' म्हणजे सूप, त्यामुळे अंघोळीला साबण मागताना स्पॅनिश माणूस अडखळतो. 'एक्सितो' म्हणजे यश, आणि तिकडे दारोदारी लाल अक्षरांत 'एक्झिट'! हे हसण्यावारी जाईल. पण खोलीच्या दाराला पाटी लावतात ती स्पॅनिशमध्ये 'नो मोलेस्तार', म्हणजे त्रास देऊ नका. हाच शब्द इंग्रजी वळणाने फोनवर उच्चारला तर त्याचा अर्थ अंगावर हात टाकणे असा होतो. खाली काउंटरवर केवढा हलकल्लोळ! पुस्तकं मात्र फळांची नावं शिकवण्यात गुंग.

आणि नळ. मेक्सिकोत नळावर 'सी' अक्षर असलं तर ते 'कालिएन्ते', म्हणजे गरम. थंड ते 'एफ', फ्रिया. अमेरिकेत 'सी' म्हणजे कोल्ड. कामावर लागल्यावर पहिल्या आठवड्यात सेन्योरा बाथरूममध्ये 'सी' सोडून पाणी गरम व्हायची वाट बघत उभी राहिली होती, आणि मुकादम ओरडला म्हणे, पाणी काय फुकट येतं?

चादरींना लागणारा इंग्रजी शब्द मी इथे लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. स्पॅनिशमध्ये स्वर पाचच, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. त्या शब्दातला 'ई' ऱ्हस्व झाला की चारचौघांत न बोलण्यासारखं होतं. सेन्योरा बावीस वर्षं 'लिनन' म्हणून वेळ मारून नेत होती. ऱ्हस्व-दीर्घासाठी मी आयुष्यभर मुलांच्या वह्या लाल केल्या, पण त्यापायी कुणाची नोकरी धोक्यात येईल असं कधी वाटलं नव्हतं.

या सगळ्यापेक्षा अवघड होतं ते नाही म्हणणं. मी तिच्याकडून सराव करून घ्यायची. मी काउंटरवरची मुलगी, ती पाहुणी. नातीने दोन पलंगांची खोली सांगितली होती. मी म्हणायची, "डबल रूम, मॅडम." स्पॅनिशमध्ये 'दोब्ले' म्हणजे दोघांची खोली, पलंग एकही असेल, दोनही असतील. इंग्रजीत डबल बेड म्हणजे एकच पलंग. तिने म्हणायचं होतं, "नो. टू बेड्स." पण प्रत्येक वेळी ती म्हणायची, "ओके, नो प्रॉब्लेम." मी चिडले. तर खाली मान घालून म्हणाली, "नो म्हटलं की काम जायचं, माएस्त्रा."

मला माझी गोष्ट आठवली. २०११ साली आम्ही शाळेतल्या सहा बायका दक्षिणेत सहलीला गेलो होतो. मदुराईच्या एका हॉटेलात माझ्या खोलीतला पंखा बंद. खाली हिंदी कुणाला येत नव्हतं. मी पलंगावर बसून वाक्य जुळवत होते. पंखा 'चालत नाही' की 'चालत नाहीये'? साधा वर्तमान की अपूर्ण? प्रयोग बदलून दाखवण्यात आयुष्य गेलं, आणि एक वाक्य घेऊन जिना उतरण्याचा धीर झाला नाही. रात्रभर घामात निथळत पडले. सकाळी कळलं, शेजारच्या खोलीतला पंखाही बंद होता. आमच्या गणिताच्या बाई खाली गेल्या, वर बोट दाखवलं, "फॅन, नो!" म्हणाल्या, आणि दहा मिनिटांत माणूस आला. मी तिला त्या दिवशी हसले होते. आता नाही हसत.

ही गोष्ट सेन्योराला सांगितली. ती इतकी हसली की ग्रंथपालबाईंनी काचेतून डोकावून पाहिलं. त्यानंतर आमच्या सरावात 'फॅन, नो' हा परवलीचा शब्द झाला.

काही जण म्हणतील, आता फोनच भाषांतर करून देतो, ही सगळी यातायात कशाला? भाचा तर मला हेच म्हणाला. फोनचा उपयोग मला मान्य आहे. नियमांचा कागद वाचायला तो उत्तम. पण मागे रांग उभी असताना फोन पुढे धरून ताटकळणाऱ्या म्हातारीचं 'नाही' कुणी गांभीर्याने घेत नाही. 'नाही' डोळ्यांत बघून म्हणावं लागतं.

दुसरा आक्षेप वर्गातल्या गृहस्थांचा. मी सेन्योराला एक वाक्य शिकवलं होतं, "इथे स्पॅनिश बोलणारं कुणी आहे का?" ते म्हणाले, अशाने ती इंग्रजी कधीच शिकणार नाही. हे मला अजिबात पटलं नाही. पैसे मोजणाऱ्या पाहुण्याने आपली भाषा मागणं हेही पाहुण्याचंच इंग्रजी. त्याच सुमारास, १ मार्च २०२५ ला, इंग्रजी ही अमेरिकेची अधिकृत भाषा असल्याचा अध्यक्षांचा आदेश निघाला होता. त्याआधी देशपातळीवर अशी कुठलीच भाषा ठरवलेली नव्हती. पुढच्या वर्गाला सगळे वेळेवर हजर होते. त्यावर कुणीच काही बोललं नाही. फक्त ते वाक्य विचारायला सेन्योरा त्यानंतर कचरू लागली. मी तिच्याकडून ते आणखी दहा वेळा म्हणून घेतलं.

पैशांबद्दल थोडक्यात सांगते. तिकडे हॉटेलवाले कार्डावर काही रक्कम अडकवून ठेवतात, आणि ती काही दिवसांनी मोकळी होते. त्याला 'होल्ड' म्हणतात. 'होल्ड' म्हणजे धरणे एवढंच शिकलेल्या माणसाला पैसे कापले गेले असंच वाटणार. शिवाय निरनिराळ्या नावांचे जादा आकार. १२ मे २०२५ पासून तिकडे नियम झाला, की सरकारी कर सोडून सगळे सक्तीचे आकार धरून एकूण किंमत आधीच दाखवायची. म्हणून तिला एक शब्द दिला, 'टोटल'. स्पॅनिशमध्येही 'तोताल'च. फुकटात मिळालेला शब्द!

मे महिन्याच्या मध्यावर दोघी बहिणी शिकागोला जाऊन आल्या. पुढच्या बुधवारी वर्गात सेन्योरा माझ्याआधी येऊन बसली होती. मला वाटलं, पदवीदानाचे फोटो दाखवील. तिने आधी हॉटेलचं बिल दाखवलं. दोघींनी नातीबरोबर बाहेरच नाश्ता केला होता, आणि बिलात हॉटेलचा नाश्ता लावलेला. तिने बोट ठेवलं आणि म्हणाली, "नो. नॉट माइन." काउंटरवरच्या मुलाने तपासलं, सॉरी म्हणाला, आणि खोडून दिलं. त्या 'सॉरी'चं तिला फार कौतुक होतं. "त्याने म्हटलं, माएस्त्रा. मी नाही, त्याने." हे तिने मला तीनदा सांगितलं.

पलंग मात्र एकच मिळाला होता. तिथे ती "नो प्रॉब्लेम" म्हणून बसली होती! शिवाय निघताना दोघींनी मिळून खोली आवरली, चादरी काढून घडी करून ठेवल्या. बहीण म्हणाली, आपण पैसे दिलेत. पण हिचा हात राहीना. पलंगावर पाच डॉलर ठेवले, चिठ्ठी लिहिली, स्पॅनिशमध्ये.

रात्री एक पांघरूण कमी पडलं होतं, तर फोन करण्याऐवजी कोट पांघरून झोपल्या. फोनची भीती काही गेली नाही. समोर चेहरा नसतो, बोट दाखवता येत नाही. जूनमध्ये मी परत आले, पण आमचा सराव चालू आहे. डॅलसला रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेसात. माझा चहा झालेला असतो. ती तिच्या स्वयंपाकघरातून फोन लावते, मी साताऱ्यातून म्हणते, "रिसेप्शन, हाऊ मे आय हेल्प यू?"

परवा तिने आणखी एक पांघरूण मागितलं. मी मुद्दाम "पार्डन?" म्हटलं. तिने पुन्हा मागितलं. मी म्हटलं, "सॉरी मॅडम, टुमॉरो." पलीकडे जरा वेळ काहीच ऐकू येईना, मला वाटलं लाइन गेली. मग आवाज आला, चांगला चढवलेला, "नो. नाऊ. प्लीज."